मोठेपणी कोण व्हायचं? वाचा-श्रवणतज्ज्ञ!

दोस्तांनो, वर्गात कुणी अडखळत बोललं की हसू येतं ना? हसू नका! त्याला मदत कशी करायची, हेही शिकता येतं बरं का. बारावी सायन्सनंतर ‘बीएएसएलपी’ ही चार वर्षांची पदवी घेता येते. शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कान कसा ऐकतो, स्वरतंतूंतून आवाज कसा निघतो, श्रवणयंत्र कसं बसवायचं, सगळं शिकवतात. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ची, तर मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची.

आणि आईबाबा, “याचे काकाही उशिराच बोलले,” म्हणून थांबू नका. बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर लगेच कान तपासून घ्या. ऐकलंच नाही, तर ते बोलणार कसं? पहिली वर्षंच मोलाची!