फुकट मांजर

'मांजराची पिल्लं फुकट द्यायची आहेत' अशी चिठ्ठी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर दर पावसाळ्यात लागते. माझा आक्षेप आहे तो त्या 'फुकट'ला. अहो, पिल्लू फुकट असेल, मांजर नसतं!

८-९ आठवड्यांचं झालं की पहिली लस, ३-४ आठवड्यांनी तीच पुन्हा, मग रेबीजची. जंताचं औषध वेगळं. वाटीभर दूध ठेवलं की झालं, हा तर निव्वळ भ्रम. बऱ्याच मांजरांना गाईचं दूध पचत नाही, ढाळ लागतात. दूधभातावरही भागत नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते मांस-मासळीतून नाहीतर विकतच्या खाद्यातून मिळतं. ते मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय बिघडतं. (आमच्यासारख्या शाकाहारी घरांनी हे आधीच ऐकून ठेवावं.)

मोठा खर्च ऑपरेशनचा, आणि नेमका तोच टाळतात. पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा. झालं, फळ्यावर पुन्हा चिठ्ठी!

आणि जमेनासं झालं की पिशवीत घालून मंडईत. 'मुकं जनावर, कुठेही जगेल' म्हणे! पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

मांजर १२-१५ वर्षं जगतं. सहावीतल्या नातवाला हौसेने पिल्लू आणून देणाऱ्या आजोबांनी, तो नोकरीसाठी परगावी गेल्यावर त्याचं म्हातारं मांजर कोण बघणार, ते आजच सुनेला विचारावं. आणि चिठ्ठी लावणाऱ्यांनो, आधी आईचं ऑपरेशन करा, मग फळ्याकडे या.