पट्टी लाल होण्याआधी

सोयाबीन निघाले की मंगरूळपीरच्या आसपासची काही शेते मोकळी राहतात. पोरे त्यात ढेकळे फोडून पिच करतात आणि टेनिस चेंडूचे सामने सुरू होतात. गेल्या वर्षी अशाच दिवसांत आमच्या शाळेच्या मुलांचा संघ खेळायला गेला. संघाची जबाबदारी आमच्याकडे होती, त्यामुळे पुढे जे घडले त्याची जबाबदारीही आमचीच आहे.

नववीतला एक मुलगा चेंडू फार जोरात टाकायचा. दोन दिवसांत तीन सामने झाले. गडी बाद करायचा असला की आम्ही त्यालाच हाक मारायचो. प्रत्येक सामन्याच्या आधी सराव असायचा, मधल्या वेळेत सीमेवरून लांब फेकी असायच्या. त्याने एकूण किती चेंडू टाकले, हे आम्ही मोजले नाही. सामने जिंकले, मुलांनी त्याला खांद्यावर घेतले, आम्हीही टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने चाचणी परीक्षा होती. हा मुलगा दोन ओळी लिहायचा आणि हात झटकायचा. पेपर अर्धा कोरा राहिला. संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची अम्मी चहा ठेवता ठेवता म्हणाली, "सर, रोज रात्री कोपराला बाम लावून झोपतो. सरांना सांगू नको म्हणतो, नाहीतर संघातून काढतील."

मुलगा आत बसून मोबाइलवर गेम खेळत होता. परीक्षेच्या दिवसांत हातात मोबाइल पाहून आमच्या तोंडावर बोलणे आलेच होते, पण पडद्यावर क्रिकेट नव्हते, काही वेगळेच होते. विचारले तर म्हणाला, "बेसबॉल आहे, सर."

बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. आपल्याकडे सहा चेंडू झाले की गोलंदाज बदलतो आणि पहिला गोलंदाज पुढे पुन्हा येऊ शकतो. तिथे तसे नाही. एकच पिचर फेकत राहतो आणि अमेरिकेच्या मोठ्या स्पर्धांमध्ये एकदा बाहेर काढला की त्या सामन्यात तो परत येत नाही. त्यामुळे त्याला कधी काढायचे, हाच संघाच्या व्यवस्थापकासमोरचा खरा प्रश्न असतो. गेममध्ये पिचरच्या नावाजवळ त्याच्या दमाची एक पट्टी दिसते. प्रत्येक फेकीला ती थोडी उतरते. दम सरत आला की चेंडूचा वेग घटतो, नेम चुकतो आणि समोरचा फलंदाज तोच चेंडू मैदानाबाहेर मारतो.

आमच्यासमोर त्याने आपला सर्वांत चांगला पिचर बाहेर काढला. संघ तर पुढे होता. आम्ही विचारले, "जिंकत असताना का काढलास?"

"सर, पट्टी लाल व्हायला आली. लाल झाल्यावर काढून उपयोग नसतो. दुसऱ्याला आधीच गरम करून ठेवावे लागते. आणि याला आत्ता संपवला तर पुढच्या सामन्याला कोण?"

आम्ही त्याच्या कोपराकडे पाहिले. त्यानेही पाहिले आणि मान खाली घातली. मोबाइलमधल्या पिचरची जेवढी काळजी त्या पोराला होती, तेवढी त्याची स्वतःची आम्हाला नव्हती. रागवायला गेलेलो आम्ही चहा पिऊन गप्प परतलो.

नंतर आम्ही या विषयावर वाचले. गेममधली ती पट्टी उगाच आलेली नाही, त्यामागे खऱ्या हातांनी मोजलेली किंमत आहे. सँडी कोफॅक्स हा अमेरिकेतला नामी पिचर. कोपराच्या संधिवातामुळे त्याने १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या ३०व्या वर्षी खेळ सोडला. टॉमी जॉनच्या कोपराचा स्नायुबंध फाटला तेव्हा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्यावर नवी शस्त्रक्रिया केली. तो १९७६ मध्ये परतला, आणि ती शस्त्रक्रिया आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे मुलांसाठीही नियम झाले. 'लिटल लीग' या मुलांच्या बेसबॉल संघटनेने २००७ पासून फेकी मोजायला सुरुवात केली. ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसात ८५ फेकींची मर्यादा आहे, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवसात ६६ किंवा जास्त फेकी टाकल्या तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची. कारण साधे आहे. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात. तोच झटका शेकडो वेळा बसला की ती दुखावतात.

आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर श्रीरामपूरच्या जहीर खानचे घ्या. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले आणि शाहिद आफ्रिदीसह सर्वाधिक बळींचा मान मिळवला. त्यानंतर लगेच आयपीएल आले, आणि जुलैत लॉर्ड्सची कसोटी. तिथे १३.३ षटके टाकल्यावर मांडीचा मागचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला आणि त्या मालिकेत परतला नाही. भारत ती मालिका ४-० ने हरला. एकट्या जहीरमुळे हरला असे नाही, पण त्याची जागा भरून काढणारा कोणी तयार नव्हता, हेही खरे.

त्याच जहीरकडून दुसरा धडाही मिळतो. त्याने आपली धाव आखूड केली आणि वेगापेक्षा डोक्यावर भर दिला. विश्वचषकात तो एक संथ चेंडू टाकायचा, त्याला 'नकल बॉल' म्हणतात. ही आपली उर्दूतली 'नकल' नव्हे, इथे नकल म्हणजे बोटाचा सांधा. हा चेंडू मूळचा बेसबॉलचा. बोटांच्या टोकांनी धरलेला हा चेंडू जवळजवळ न फिरता जातो आणि फलंदाजाला चकवतो. यात हाताला ताण कमी पडतो. याच चेंडूच्या जोरावर फिल नीक्रो नावाचा पिचर १९८७ पर्यंत, म्हणजे वयाच्या ४८व्या वर्षापर्यंत खेळला. कोफॅक्स तिशीत थांबला, हा पन्नाशीला टेकला.

आता आमच्या संघाच्या दप्तरात शंभर पानी वही असते. प्रत्येक गोलंदाजाच्या नावापुढे चेंडूंच्या रेघा ओढल्या जातात, सरावाचे चेंडूही त्यातच धरतो. दुसरा आणि तिसरा गोलंदाज आधीपासून तयार ठेवतो. हात दुखतो म्हणणाऱ्याला संघातून काढत नाही, क्षेत्ररक्षणाला ठेवतो आणि तसे सगळ्यांसमोर सांगतो. नाहीतर मुले दुखणे लपवतात, हे आम्ही त्या घरी शिकलो.

घरच्यांनीही थोडे लक्ष द्यावे. रमजानमध्ये तरावीहनंतर गल्लोगल्ली दिव्यांखाली सामने रंगतात. पोरगा सहरीपर्यंत खेळतो, सकाळी शाळेत पेंगतो. त्याला खेळू नको म्हणू नका. फक्त विचारा की आज किती टाकलेस आणि उद्या टाकायचे आहेत का. जेवताना घास दुसऱ्या हाताने घेऊ लागला, दप्तर उचलताना तोंड वाकडे करू लागला, तर बाम लावून भागवू नका. डॉक्टरांना दाखवा.

तो मुलगा दीड महिना गोलंदाजीपासून लांब राहिला. त्या काळात वही त्याच्याकडेच दिली होती. परवा सामन्यात कर्णधाराने एका छोट्या गोलंदाजाला सलग तिसरे षटक द्यायचे ठरवले, तर हा सीमेवरून धावत आमच्याकडे आला आणि वही उघडून म्हणाला, "सर, याचे आज चाळीस झाले."

आम्ही गोलंदाज बदलला.