विश्लेषण : जुनं ग्राफिक्स कार्ड नेमकं कधी बदलावं?

मे २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०६० कार्डाची अमेरिकेतली किंमत २९९ डॉलर होती. कर धरून भारतात हे कार्ड ३० हजार रुपयांच्या आसपास जातं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरच्या एखाद्या शेतकरी घरात हे कार्ड घ्यायचं, तर हमीभाव पूर्ण मिळूनही जवळपास सहा क्विंटल सोयाबीन त्यात गेलं. एवढा खर्च करण्याआधी तो आत्ताच करायला हवा का, हे तपासलेलं बरं.

हा प्रश्न आता का आला?

जीटीएक्स १०५० टीआय आणि १०६० ही २०१६ साली आलेली कार्डं आजही अनेक घरांत सुरू आहेत. ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर या कार्डांना मिळणार नाहीत, असं एनव्हिडियाने जाहीर केलं. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित सपोर्टही संपला. दोन्ही बातम्या एकत्र आल्याने ‘आपला पीसी आता बाद झाला’ असा अनेकांचा समज झाला.

जुनं कार्ड बंद पडेल का?

नाही. आज चालणारे गेम उद्याही चालतील. सुरक्षेचे अपडेट या कार्डांना ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी मिळणार आहेत. जीटीएक्स १६५० तर या यादीतच नाही. त्याचा सपोर्ट सुरू आहे.

खरी अडचण वेगळी आहे. काही नवे गेम रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्ही गेमची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर आणि ८ जीबी ग्राफिक्स मेमरी अशी आहे. असे गेम खेळायचेच असतील, तर सेटिंग कमी करून उपयोग नाही. पण रोजचा खेळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक असेल, तर ही अट तुम्हाला लागू होत नाही.

दोष कार्डाचाच आहे, हे कसं ओळखायचं?

गेममधलं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम लगेच वाढल्या, तर कार्डच कमी पडतंय. फारसा फरक पडला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसर किंवा रॅमची आहे. अशा वेळी ३० हजारांचं कार्ड लावूनही गेम तसाच अडखळेल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं साधारण ८३ अंशांना पोहोचली, की स्वतःच वेग कमी करतात. पत्र्याच्या खोलीतला, धुळीने भरलेला पीसी दुपारी अडखळत असेल आणि पहाटे नीट चालत असेल, तर आधी पंखे साफ करा आणि थर्मल पेस्ट बदला. हा खर्च काही शे रुपयांचा आहे.

तिसरी गोष्ट पॉवर सप्लायची. आरटीएक्स ५०६० साठी कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सुचवते. १०५० टीआय सारखं ७५ वॉटचं कार्ड असलेल्या जुन्या पीसीत अनेकदा त्याहून लहान सप्लाय असतो. तोही बदलावा लागला, तर ते पैसे हिशेबात आधीच धरायला हवेत.

थांबलं तर स्वस्त मिळेल का?

एरवी थोडं थांबणं फायद्याचं ठरतं. यंदा ती खात्री नाही. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी आणि ग्राफिक्स कार्डवरची मेमरी प्रामुख्याने त्याच तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. जास्त नफा डेटा सेंटरच्या ऑर्डरमध्ये असल्याने कारखाने तिकडे वळले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी कपातीचाही इथे फायदा नाही. ग्राफिक्स कार्डावरचा दर आधीही १८ टक्के होता, आताही तेवढाच आहे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

खेळायचा गेम कार्डामुळेच सुरू होत नसेल, प्रोसेसर आणि सप्लाय पुरेसे असतील आणि पैसे हातात असतील, तर भाव उतरण्याची वाट बघण्यात फारसा अर्थ नाही. शक्य असेल तर ८ जीबीपेक्षा जास्त मेमरीचं कार्ड बघा. ते पुढे जास्त वर्षं पुरेल.

यातली एकही अट पूर्ण होत नसेल, तर थांबा. ‘सपोर्ट संपला’ या एका बातमीसाठी कर्ज किंवा हप्ता डोक्यावर घेण्याची गरज नाही. तुमचा गेम आजही नीट चालत असेल, तर ते ३० हजार घरातच राहू द्या.