मुलांच्या ताटात जपान येऊ द्या

रमजानच्या शेवटच्या दिवसांत अनेक घरांत ईदनंतरच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. शेजारच्या घरात परीक्षा संपण्याची वाट बघत तेच बेत चाललेले असतात. अलीकडे या यादीत जपानचं नाव वरचेवर ऐकू येतं. बुलेट ट्रेन, फुजी पर्वत, साकुराचा बहर असं सगळं ठरतं आणि मग दोन्ही घरं एकाच प्रश्नावर अडतात. पोरं तिथं खाणार काय?

उत्तर बहुतेक वेळा बॅगेत भरलं जातं. थेपले, चिवडा, खाकरे, झटपट नूडल्सची पाकिटं. संध्याकाळी भारतीय हॉटेल शोधायचं, आणि ते न मिळाल्यास मुलांसमोर 'ओकोसामा लंच' ठेवायचं. भाताच्या छोट्या ढिगावर झेंडा खोवलेलं हे मुलांचं खास ताट 1930 मध्ये टोकियोच्या मित्सुकोशी डिपार्टमेंट स्टोअरमध्ये सुरू झालं. ताट गोड आहे, मुलं खूश होतात. पण ते उत्तरेला आणि दक्षिणेला जवळपास सारखंच मिळतं. आठ दिवस तेच खाल्लेलं मूल घरी येतं तेव्हा त्यानं जपान पाहिलेलं असतं, चाखलेलं नसतं.

पालकांची काळजी खोटी नाही. मुस्लिम घराला डुकराचं मांस आणि दारू टाळायची असते. शाकाहारी घराला मासा नको असतो, आणि जपानी रश्श्याचा पाया असलेला 'दाशी' हा अर्क बहुधा वाळवलेल्या माशाचाच असतो. 'मिरिन' नावाच्या गोडसर मसाल्यात मद्यार्क असतो. सोबाच्या शेवयांची काही मुलांना गंभीर ॲलर्जी असते. हे सगळं खरं आहे. पण त्यावर उपाय म्हणून अख्खा देशच ताटाबाहेर ठेवणं मुलांवर अन्याय करणारं आहे.

जपानमधलं प्रांतोप्रांतीचं खाणं म्हणजे त्या त्या मातीची कहाणी असते. शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात पाऊस कमी पडतो. तिथल्या लोकांनी हजारो तळी खोदली आणि गहू पिकवला. शेजारच्या समुद्रातून मीठ आणि छोटे मासे मिळाले. त्यातून जाड, चिवट 'सानुकी उदोन' तयार झाला. कमी पावसात ज्वारीवर जगलेल्या सोलापूर-लातूरकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. उदोनच्या बऱ्याच दुकानांत गिऱ्हाईक हातात ट्रे घेऊन रांगेत उभं राहतं. काही ठिकाणी झाऱ्यात शेवया घेऊन उकळत्या पाण्यात आपल्या आपण गरम करतं आणि रताळ्याची भजी उचलतं. मुलांना याहून मोठी गंमत कोणती? वर सुर्रकन आवाज करत खायला परवानगी. जे घरी केलं तर डोळे वटारले जातात, ते तिथं रीतसर चालतं.

नागानोच्या डोंगराळ भागात भाताची शेती अवघड होती, म्हणून तिथं 'ओयाकी' आली. गव्हाच्या किंवा सोबाच्या पिठाच्या पारीत भोपळा, वांगं, पालेभाजी भरलेला गोळा. पूर्वी तो चुलीच्या राखेत भाजत. पुरणपोळी आणि कचोरी ओळखणारं मूल हा गोळा हातात घेऊन बिचकत नाही.

हिरोशिमाचा 'ओकोनोमियाकी' तर इतिहासाचा धडाच आहे. युद्धाआधी पिठाचं पातळ धिरडं हा मुलांचा एका पैशाचा खाऊ होता. 1945 च्या अणुबॉम्बनंतर उद्ध्वस्त शहरात लोकांनी त्याच धिरड्यावर कोबी रचला, पुढे शेवया आणि अंडं घातलं, आणि खाऊचं पोटभर जेवण झालं. शांती स्मारक संग्रहालयातून गप्प होऊन बाहेर पडलेल्या मुलाला तव्यासमोर बसवून ही गोष्ट सांगितली, तर शहर मरत कसं नाही हे त्याला कळतं.

आता पथ्याचा प्रश्न. ओकोनोमियाकीत डुकराचं मांस सर्रास घालतात, म्हणून नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. तव्यावर आधी काय भाजलं, हेही विचारावं लागतं. उदोनच्या रश्श्यात माशाचा अर्क आणि कधी मिरिन असतो, तेही विचारावं लागतं. काय चालत नाही ते जपानी भाषेत लिहिलेला कागद जवळ ठेवावा आणि दुकानात शिरतानाच दाखवावा. असं विचारण्यात यजमानाचा अपमान नाही. आपल्या अन्नाची कुणी बारकाईनं चौकशी करतं, याचा स्वयंपाक्याला रागच येतो असं नाही. आणि उत्तर 'नाही' आलं, तर मान लववून आभार मानावेत आणि पुढं जावं.

हे पुढं जाणंही मुलांनी शिकण्यासारखं आहे. फुकुओकाचा प्रसिद्ध 'तोन्कोत्सु रामेन' डुकराच्या हाडांच्या रश्श्यात होतो. मुस्लिम किंवा शाकाहारी घराला तो चालणार नाही, तिथं पळवाट नाही. पण ज्या मुलानं पहिला रोजा ठेवला आहे, समोर थंड पाणी असताना मगरिबच्या अजानची वाट पाहिली आहे, त्याला सुवासाजवळून शांतपणे जाता येतं. एकादशी किंवा पर्युषण पाळणाऱ्या घरातल्या मुलालाही हे येतं. आपलं पथ्य पाळताना दुसऱ्याच्या ताटाला नाक न मुरडणं, हा त्या शिकवणीचा पुढचा भाग. तो घरच्या दस्तरखानावर शिकवता येत नाही. तिथं सगळ्यांचं ताट सारखंच असतं.

आणि जपानमध्येही पथ्य नवं नाही. कोया पर्वतावरच्या बौद्ध मठांत पाहुण्यांना 'शोजिन र्‍योरी' वाढतात. मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूणही नाही. अर्क समुद्री शेवाळाचा आणि मशरूमचा. तिळाचं मऊ 'गोमा-दोफू' आणि गोठवून वाळवलेलं टोफू ही तिथली खासियत. मिरिनचं तेवढं इथंही विचारून घ्यावं. मग रोजे ठेवणारं आणि उपवास करणारं, अशी दोन्ही घरं एका पंगतीत बसू शकतात.

जेवणाआधी जपानी मुलं हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. अर्थ साधा आहे: हे मी नम्रपणे स्वीकारतो. कुणाच्या घरी पहिल्या लुकम्याआधी बिस्मिल्ला म्हणतात, कुणाकडे श्लोक म्हणतात. आपल्या मुलानं आपलं म्हणून झाल्यावर तो एक जपानी शब्दही म्हणावा, त्यासाठी बॅगेतली थोडी पाकिटं घरीच राहिली तरी चालतील.