‘चि.’ हे नाव आहे का? : ग्रीन कार्डच्या मुलाखतीची तयारी

मंडळी, गणपतीच्या महाप्रसादाची रांग असो की संक्रांतीचं तिळगूळ, हल्ली मला एक प्रश्न हमखास येतो. "दादा, तुमचा ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू कसा झाला? काय काय विचारलं?" विचारणारे बहुतेक जण इथंच जन्मलेले, किंवा पाळण्यात असताना आलेले. आईवडिलांनी जी रांग लावली ती यांना कधी लावावी लागली नाही. पण आता लग्न ठरतंय, आणि जोडीदार एच-१बीवर आहे किंवा अजून पुण्यात, कोल्हापुरात, बेळगावात आहे. म्हणजे अर्ज करणारे आता तुम्ही आहात, आणि सरकारपुढं आपलं लग्न खरं असल्याचं सांगायचं कामही तुमचंच. म्हणून या वेळचा लेख त्यावर. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा आणि आपल्या वकिलाला विचारूनच पुढं जा.

आधी थोडा कायदा. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ग्रीन कार्डसाठी वार्षिक कोट्याची अडचण नसते. नोकरीच्या रांगेत भारतीयांची जी दशकांची वाट बघणी आहे ती इथं नाही. वाट इतकी मोकळी आहे म्हणूनच पहारा कडक आहे. नागरिकानं भरायचा आय-१३०, जोडीदारानं भरायचा आय-४८५, नागरिकाच्या कमाईची हमी देणारा आय-८६४, सिव्हिल सर्जननं बंद लिफाफ्यात दिलेला वैद्यकीय आय-६९३, आणि मग एक दिवस मुलाखतीचं पत्र. खोटं लग्न सिद्ध झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या माणसासाठी पुढचं कोणतंही लग्न कामाला येत नाही. हा कडकपणा मुख्यतः १९८६च्या कायद्यानं आला.

पण अधिकारी नेमकं काय शोधतो? बऱ्याच जणांना वाटतं, प्रेम किती आहे ते मोजतात. तसं नाही. १९७५च्या बार्क खटल्यात कोर्टानं कसोटी सांगितली ती अशी की, लग्न करताना दोघांचा एकत्र संसार करण्याचा इरादा होता का. पुढं भांडणं झाली, सूर जुळला नाही, तरी त्यामुळं ते लग्न खोटं ठरत नाही. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नांना ही कसोटी फार सोयीची आहे, कारण आपल्याकडं प्रेम मागाहून येईल, पण संसाराचा इरादा सुपारी फुटायच्या आधीच दोन्हीकडच्या मामा-काकांनी ठरवलेला असतो!

माझं गाव सदलगा. चिकोडी तालुका, जिल्हा बेळगाव, दूधगंगेच्या काठी. जैन मंडळींना आचार्य विद्यासागर यांचं जन्मगाव म्हणून माहीत असेल. बाजार इचलकरंजीचा, पाहुणे कोल्हापूरचे, कचेरी मात्र कन्नडची. बायको न्यू जर्सीत जन्मलेली. स्थळ तिच्या मावशीनं सुचवलं, सहा महिने व्हिडिओवर बोललो, मग ती आईवडिलांसह सदलग्याला आली आणि दुसऱ्या खेपेला लग्न झालं. आता या सगळ्याची कागदं इंग्रजीत मांडायची म्हटल्यावर जी मजा सुरू झाली ती सांगतो.

पहिला गोंधळ गावाचाच. माझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा जुन्या इंग्रजी स्पेलिंगचा, बेलगाम असा वाचला जाणारा. लग्नाच्या दाखल्यावर बेळगावी, कारण १ नोव्हेंबर २०१४ला नाव बदललं. सदलगा कुठं ‘सदलग’, कुठं मध्ये एक जादा ‘ए’ घालून. चिकोडीत कुठं एक ‘के’, कुठं दोन. आमचं अख्खं आयुष्य या स्पेलिंगांत गेलंय, पण पलीकडं बसलेल्या माणसाला ती चार वेगवेगळी गावं वाटू शकतात. सीमाभागाच्या लोकांना यात नवल नाही. आमच्या आजोबांचा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १ नोव्हेंबर १९७३ला त्या राज्याचं कर्नाटक झालं, आणि आजोबा त्याच ओसरीवर त्याच खाटेवर बसून होते. आम्ही एक परिच्छेदाचं पत्र लिहिलं: ही सर्व नावं एकाच गावाची व एकाच जिल्ह्याची, नाव या तारखेला बदललं, सोबत सरकारी अधिसूचनेची प्रत. निपाणी, खानापूर, कारवार, बिदर अशा भागांतल्या सगळ्यांनी हे पत्र आधीच करून ठेवावं. तासाभराचं काम आहे.

दुसरं भाषांतर. इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्यानं सही करून लिहून द्यावं लागतं की भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात. सरकारमान्य शिक्क्याचा भाषांतरकार लागतोच असं नाही. आमचे कन्नड कागद मूळच्या धारवाडच्या एका स्नेह्यांनी केले. ‘संपूर्ण’ हा शब्द मात्र मनावर घ्या. शिक्क्यातली अक्षरं, कडेला हातानं लिहिलेली नोंद, सगळं.

मराठी लग्नपत्रिकेचं भाषांतर बायकोनं हौसेनं करायला घेतलं. (अंतिम सही दुसऱ्याकडून घेतली, स्वतःच्या अर्जाचं भाषांतर स्वतः करू नये असं वकिलांचं म्हणणं.) तिचा पहिला प्रश्न, "अरे, हे ‘चि.’ तुझं नाव आहे का? आणि मी ‘सौ. कां.’ कधी झाले?" मग चिरंजीव, सौभाग्यकांक्षिणी, ‘यांचे ज्येष्ठ चिरंजीव’, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’, शके, मिती, सगळं समजावता समजावता रात्रीचे साडेबारा. तिची आई फोनवर हसून लोटपोट. ज्या घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलून ताटातल्या तांदळात लिहितात, त्यांच्यासाठी एक सूचना. पत्रिकेत, दाखल्यात किंवा नवऱ्याकडच्या कुठल्याही कागदावर ते नाव आलं असेल, तर फॉर्ममधल्या ‘वापरलेली इतर नावं’ या रकान्यात ते लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण न लिहिलेलं नाव पुढं उगाच प्रश्न उभा करतं.

जन्मदाखल्याचीही एक गंमत असते. आपल्या वयाच्या अनेकांच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली. नाव नंतर भरून घेता येतं, १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात तशी तरतूद आहे. नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यायचा आणि सोबत शाळेचे कागद व आईवडिलांची किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडायची. हे काम गावातल्या कुणाला तरी खेटे घालायला लावल्याशिवाय होत नाही. माझ्यासाठी धाकट्या चुलत्यांनी घातले. ऊसतोडीचे दिवस होते, तरी माणूस चार वेळा कचेरीत गेला.

आता फोटो. सदलग्याच्या लग्नाचा अल्बम तुम्ही पाहिलाय का? आमच्या फोटोग्राफरनं आम्हा दोघांना बर्फाच्या डोंगरापुढं, ट्युलिपच्या बागेत आणि एका पानावर चक्क चंद्रावर उभं केलंय. वकीलबाईंनी अल्बम उलटून गंभीरपणे विचारलं, "तुम्ही स्वित्झर्लंडला कधी गेलात? फॉर्ममध्ये तर नाही." असले फोटो नकोत. साधे, दोन्ही घरची माणसं दिसणारे, वेगवेगळ्या महिन्यांचे, मागं तारीख आणि कोण कोण आहे ते लिहिलेले वीस-पंचवीस पुरतात. अक्षता पडताना मागं उभी असलेली आमची शंभर माणसं कुठल्याही शपथपत्रापेक्षा बोलकी होती, असं मला वाटतं.

ठरवून केलेल्या लग्नात एका प्रश्नाला लोक अडखळतात: "कुणी कुणाला मागणी घातली?" इंग्रजी सिनेमासारखा गुडघ्यावर बसण्याचा प्रसंग रचायला जाऊ नका. शपथेवर बोलत असता. "मावशीनं सुचवलं, घरच्यांनी भेट ठरवली, आम्ही दोघांनी होकार दिला" हे सरळ उत्तर आहे आणि अधिकाऱ्यांनी ते पुष्कळदा ऐकलेलं असतं. एक मात्र लक्षात घ्या. अर्ज भरण्याआधीच्या दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली असावी ही अट वाग्दत्त जोडीदाराच्या के-१ व्हिसाची आहे (कडक रूढीच्या कारणानं त्यातही सूट मागता येते), झालेल्या लग्नाची नाही. पण वधू-वर वेगवेगळ्या ठिकाणी बसून व्हिडिओवर लावलेलं लग्न, नंतर दोघं पतीपत्नी म्हणून प्रत्यक्ष एकत्र आल्याशिवाय, इथं धरत नाहीत.

तयारीचा सगळ्यात अवघड भाग कागदांचा नव्हताच. जोडप्याला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारायची जी ‘स्टोक्स’ मुलाखत असते (नाव न्यूयॉर्कच्या १९७०च्या दशकातल्या खटल्यावरून), तिच्या प्रश्नांची यादी घेऊन आम्ही रविवारी सराव करत होतो. टूथब्रशचा रंग, पलंगाची कुठली बाजू, असलं चाललं होतं. मग प्रश्न आला, "घरखर्च कोण कसा भागवतं?" पुराव्यासाठी संयुक्त खात्याची वर्षभराची पत्रकं पसरलेलीच होती. त्यात दर महिन्याच्या पाच तारखेला सदलग्याला जाणारी रक्कम. तिला ते लग्नाआधीपासून माहीत होतं. पण बारा महिन्यांची बेरीज समोर दिसल्यावर ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अधिकाऱ्यानं विचारलं तर मी काय सांगू? हे किती वर्षं?"

मी सांगितलं ते असं. बोअरचं आणि ठिबकचं कर्ज आहे, ते तीन वर्षांत फिटेल. बहिणीची फी आहे, ती दोन वर्षं. आणि आईअप्पांना महिन्याला लागतात ते कायम. "कायम" हा शब्द उच्चारताना माझा घसा कोरडा पडला होता. इथं वाढलेल्या मुलीला आपल्या मिळकतीतून सासरी कायमचे पैसे जाणं पटावंच असा माझा आग्रह नव्हता, पण पटलं नसतं तर काय, याचं उत्तरही माझ्याकडं नव्हतं. तिनं त्या रात्री काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं सदलग्याला फोन लावला आणि आपल्या मोडक्या मराठीत आईला विचारलं, "आई, तुम्हाला महिन्याला नक्की किती लागतात?" आईनं आकडा सांगितला. तो मी पाठवत होतो त्यापेक्षा कमीच होता. "पोरी, बाकीचं तुमच्या घराला ठेवा की," असं आई म्हणाली. कर्जाचा, फीचा आणि आईअप्पांचा असे तीन वेगळे हप्ते तेव्हापासून तीच पाठवते, त्यातला शेवटचा तिच्या नावानं. मुलाखतीत हा प्रश्न आलाच नाही.

तिला दुसरी एक गोष्ट खटकायची. "माझ्याच देशाला मी माझं लग्न का सिद्ध करून दाखवायचं?" तेव्हा मी तिला सखाराम गणेश पंडित यांच्याबद्दल सांगितलं. अहमदाबादहून आलेले, लॉस एंजेलिसला वकिली करणारे. १९१४ साली अमेरिकन नागरिक झाले. १९२३ला भगतसिंग थिंद खटल्यात हिंदी माणूस ‘गोरा’ नाही असं ठरल्यावर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं. त्यांची बायको गोरी अमेरिकन. तेव्हाच्या कायद्यानुसार, नागरिक होण्यास ‘अपात्र’ परदेशी माणसाची बायको असलेल्या अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जात असे. पंडितांनी कोर्टात मांडलं की आमचं घर, व्यवसाय, बायकोचं नागरिकत्व सगळं या कागदावर उभं आहे. १९२६ला वरच्या कोर्टातही ते जिंकले. बायको ऐकून घेऊन एवढंच म्हणाली, "म्हणजे शंभर वर्षांपूर्वी मीच गेले असते." त्यानंतर फाइलला टॅब लावायचं काम तिनं स्वतःकडं घेतलं.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. शपथ, ओळखपत्रं, मग आय-४८५ पानामागून पान. हो-नाहीच्या प्रश्नांत नरसंहारापासून वाहतुकीच्या दंडापर्यंत सगळं येतं. पकडलं गेलं का, दंड झाला का, हे विचारतात तेव्हा स्पीडिंगचं तिकीटही आधी वकिलाला दाखवून ठेवा. भेट कशी झाली, लग्नाला कोण होतं, आता कुठं राहता. उत्तर आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणा. बायकोनं एका तारखेला तसंच म्हटलं आणि काही बिघडलं नाही. गावांच्या नावाचं पत्र अधिकाऱ्यानं वाचलं आणि मान हलवून बाजूला ठेवलं. इंग्रजी कच्चं असेल तर दुभाषा आपणच न्यायचा असतो. जोडीदार भारतात असेल तर मुलाखत मुंबईच्या वकिलातीत, वांद्रे-कुर्ला संकुलात, आणि तिथं बहुधा एकट्यालाच जावं लागतं. माझी मामेबहीण कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेली आणि मराठीतून मुलाखत देऊन आली.

लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांचंच असतं. मुदत संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, पुन्हा पुराव्यांसकट. त्यामुळं आमची निळी फाइल अजून कपाटात उभीच आहे. विजेचं बिल, विम्याचा कागद, गेल्या दिवाळीला आईअप्पा आले तेव्हाचा फोटो, आलं की त्यात टाकतो. आमची तारीख पुढच्या फेब्रुवारीत सुरू होते.