‘समाधानी’ हा शेरा

रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाच्या हाती अभिप्रायाचा छापील कागद ठेवण्याचा परिपाठ आता सोलापुरातही रूढ झाला आहे. आणि केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या ‘मेरा अस्पताल’ योजनेने हीच पृच्छा दूरध्वनीवरूनही आरंभिल्यापासून तर रुग्णाचे समाधान रक्तदाबाप्रमाणे आकड्यात उतरते, अशी आपल्या व्यवसायबंधूंची जवळजवळ खात्री होऊन बसली आहे. आमची ती खात्री गेल्या महिन्यात डळमळली.

पूर्वभागातील एक विडी कामगार बाई कंबरेच्या एमआरआयची फिल्म घेऊन आमच्या दवाखान्यात फेरतपासणीस आल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून त्यांनी ती खिडकीच्या उजेडासमोर धरली, ती उलटी. आदल्या खेपेच्या अभिप्रायपत्रावर मुलाने त्यांच्या वतीने प्रत्येक रकान्यात ‘समाधानी’वर खूण केलेली आमच्या दप्तरी होती. फोटोत काय दिसले, असे सहज विचारता त्या म्हणाल्या, “मणक्यात गॅप हाय. आता बसायचंच न्हाई.” जिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते, तिने तीन आठवडे सूप मांडीवर घेतले नव्हते, आणि रिपोर्टात तर वयोमानानुसार झीज यापलीकडे काही नव्हते. तो आम्ही वाचला होता. त्यांना समजावला नव्हता.

हा प्रमाद एकट्या आमचाच, असे मानण्याचे कारण नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, किमान सहा आठवडे कंबर दुखत असलेल्या ४२१ रुग्णांचे दोन गट पाडून एकाच गटाचा एक्स-रे काढण्यात आला. तीन महिन्यांनी दुखणे कायम असल्याची तक्रार एक्स-रे काढलेल्यांतच अधिक निघाली, आणि नऊ महिन्यांनी उपचाराविषयीचे समाधानही त्यांचेच अधिक भरले! अर्थात केवळ समाधानाचा आकडा वाढवणे हेच ज्याचे उद्दिष्ट असेल, त्याने सर्रास फोटो काढत सुटावे. रुग्ण खूश, यंत्राचे हप्तेही वेळेवर.

कसलेही दुखणे नसलेल्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयात ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गादीची झीज तपासणीत दिसते, असा २०१५ सालच्या एका व्यापक आढाव्याचा निष्कर्ष आहे. हे वाक्य रिपोर्टाच्या तळाशी छापण्याला खर्च शाईचा तेवढा. परंतु ते रुग्णाच्या भाषेत, पडदा त्याच्याकडे वळवून, निरोगी मणका शेजारी दाखवून सांगण्याला पाच मिनिटे लागतात, आणि ज्या बाह्यरुग्ण विभागात अक्कलकोट-विजयपूरपासूनची माणसे सकाळपासून केसपेपर घेऊन रांगेत उभी असतात, तेथे ती पाच मिनिटे काढावयाची कोठून, हा प्रश्न आम्ही क्षुल्लक लेखत नाही.

तथापि मोजणी करावयाचीच, तर खुणांचे रकाने कमी करून एकच प्रश्न ठेवावा: फोटोत काय दिसले, ते तुमच्या शब्दांत सांगा. उत्तर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, ज्या बोलीत येईल त्याच बोलीत उतरवून घ्यावे. नातेवाइकाचे नव्हे, रुग्णाचे. विचारणारा फोटो काढणाऱ्याच्या हाताखालचा नसावा. गर्भवतीच्या सोनोग्राफीत काय सांगावयाचे नाही ते १९९४ च्या कायद्याने ठरवून दिलेच आहे. त्या धाकाने इतर सारेच न सांगण्याची जी सवय काही ठिकाणी जडली आहे, तिचाही या उत्तरांतून पत्ता लागेल.

आमच्या दवाखान्यात या महिन्यापासून हा प्रश्न आम्ही विचारू लागलो आहो. पहिल्या आठवड्यातील उत्तरे वाचून आमचे स्वतःचे समाधान बरेच उतरले आहे.