पार्टी रंगू दे, स्पीकर जपा!

घरी पार्टी असली की पाहुणे रंगात येतात आणि म्युझिक सिस्टीमचा आवाज वाढतच जातो. आवाज फाटू लागला, की अ‍ॅम्प्लिफायरची ताकद संपली असे समजा. अशा वेळी स्पीकरमधील नाजूक कॉइल तापते. बारीक आवाजाचा ट्वीटर बहुधा आधी जळतो. म्हणून आवाज कुठवर स्वच्छ येतो, हे आधीच पाहून बटणाशेजारी चिकटपट्टीची खूण करा. अ‍ॅम्प्लिफायरवरील जाळीतून उष्णता बाहेर पडते. तिथे टेबलक्लॉथ, फुलदाणी किंवा सरबताचे ग्लास नकोत. वायरी भिंतीच्या कडेने न्या, म्हणजे नाचताना पाय अडकणार नाही. काही सांडलेच, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करून प्लग काढा. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.